वाऱ्याचे पैसे

सकाळी दुधात बुडवलेला पाव खाऊन झाला की झेलिंदा टेबलावरचं मेणकापड पुसून काढायची आणि त्याच टेबलावर तिची सून देर्ना गोंदाचा डबा उघडायची. नोव्हेंबर लागला होता. समुद्राकडून येणारं धुकं आमच्या टेकडीवरच्या गावातून दुपारपर्यंत हलत नसे. गार हवेत गोंद नीट धरत नाही, म्हणून खिडक्या बंद असायच्या. आणखीही एक कारण होतं. उघड्या खिडकीतून वास रस्त्यावर जातो, आणि रस्त्याने कधी कोण सरकारी माणूस जाईल याचा नेम नसतो.

देर्नाच्या समोर तिची नणंद मिरेल्ला बसायची. वय कोवळं, बोटं चपळ, आणि तोंडात सदा एखादं गाणं. बुटाच्या वरच्या चामड्याच्या कडांना ब्रशने गोंद लावायचा, कडा आत दुमडायच्या, लहान हातोडीने ठोकायच्या, अस्तर चिकटवायचं. बाजूला चुलीवर घेवड्याचं कालवण शिजत असायचं. बारा वाजले की डबे टेबलाखाली जायचे आणि टेबलावर ताटं यायची. गोंदाच्या वासाला वास म्हणणं या घराने केव्हाच सोडून दिलं होतं.

अशी घरं आमच्याकडे गल्लोगल्ली होती. आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसली. मग बुटांचा धंदा आला, गोठ्याच्या जागी कारखाने उभे राहिले आणि बैल हाकणारे पुरुष मालक झाले. बायका मात्र स्वयंपाकघरातच राहिल्या, फक्त त्यांच्या हातात कणकेबरोबर गोंदही आला. त्यात एक रीत पडून गेली. घरच्या बाईने केलेल्या कामाला कुणी काम म्हणायचं नाही, तो हातभार. हातभाराला पगार नाही, विमा नाही, सुट्टी नाही. कुणी विचारलं तर बाईने सांगायचं, मी घरीच असते. हे खोटं आहे असं सांगणाऱ्यालाही वाटत नसे आणि ऐकणाऱ्यालाही.

देर्नाचा नवरा एल्वियो आणि सासरे नाझारेनो घरामागच्या छपरात चार कामगार घेऊन तळवे चिकटवायचे. त्या शरदात एल्वियो उत्तरेकडच्या एका प्रदर्शनाला जाऊन आला, तो पाहिलेलं सांगायला इतका अधीर झालेला की कोट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. त्याने तिथे पॉलियुरेथेनचं मशीन पाहिलं होतं. दोन टाक्यांतून दोन द्रव येतात, एकत्र झाले की दुधासारखे फसफसून वर येतात. वर बुटाचं चामडं ताणून बसवलेलं असतं. साच्यातला तो फेस घट्ट होतो तोच मुळी चामड्याला धरून. तळवा तयार, आणि चिकटलेलासुद्धा.

"गोंद संपला म्हणून समजा," तो दोघींना म्हणाला.

ही बातमी बापाच्या आधी त्याने आपल्याला सांगितली, याचा देर्नाला फार आनंद झाला. तो आनंद तिने काही दिवस मनात जपून ठेवला होता.

एका रविवारी मशीनचा विक्रेता घरी जेवायला आला. जेवण झालं, देर्ना आणि मिरेल्ला मोरीपाशी भांडी घासायला उभ्या राहिल्या आणि तिघे पुरुष टेबलाशी अंदाजपत्रक करायला बसले. एल्वियो एकेक ओळ लिहीत होता. मशीन. द्रव गरम ठेवायच्या टाक्या, कारण थंडीत तो माल गोठतो. हवेचा कॉम्प्रेसर. विजेची जादा जोडणी. मग साचे आले तेव्हा नाझारेनोचा चेहरा उतरला. प्रत्येक मापाचा साचा वेगळा लागतो हे त्याने धरलं होतं, पण डाव्या पायाचा वेगळा नि उजव्याचा वेगळा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माणसं लंगडी असती तर धंदा स्वस्तात झाला असता, असं तो म्हणाला आणि विक्रेता हसला.

शेवटची ओळ हूडची होती. मशीनवर वाफ ओढून घेणारा पत्र्याचा हूड, मोठा पंखा आणि छपराबाहेर जाणारा नळ. विक्रेता भला माणूस होता. त्याने स्वच्छ सांगितलं, की यातल्या एका द्रवाची वाफ छातीत गेली तर माणसाला कायमचा दमा जडतो. हूडशिवाय मशीन मागाल तर देईन, पण सांगून देईन.

नाझारेनोने हूडचा आकडा पाहिला.

"हे कशाचे पैसे? वाऱ्याचे?" तो म्हणाला. "वारा देवाने फुकट दिलाय. आमच्या छपराला दोन्ही बाजूंनी दारं आहेत."

एल्वियोने ती ओळ खोडली. तरीही बेरीज बसेना. त्यावर नाझारेनोने तोडगा काढला. शेजारच्या गावातल्या मोठ्या कारखान्याकडून कापलेल्या चामड्याची जादा गाठोडी हिवाळाभर घरी आणायची. बायका आहेतच. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज, आणि तारण म्हणून हमरस्त्यालगतची ऑलिव्हच्या झाडांची पट्टी. ती पट्टी देर्नाच्या वडिलांनी मरताना तिच्या नावावर केलेली होती. याबद्दल तिला कुणी विचारलं नाही. ती हाताच्या अंतरावर उभी होती, पाण्याचा नळ सुरू होता आणि तिने सगळं ऐकलं. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. गोंद संपणार होता. एका हिवाळ्याचाच प्रश्न होता.

असा प्रकार झाला. गोंदातून सोडवणारं मशीन यावं म्हणून त्या घराने दुप्पट गोंद घरात आणला.

गाठोडी कोपऱ्यात खिडकीच्या उंचीपर्यंत चढली. दुपारी डबे टेबलाखाली जायचे थांबले. ताटं त्यांच्या बाजूलाच ठेवली जाऊ लागली. पुरुष छपरात जेवू लागले, तिथे वास कमी होता. झेलिंदाही ब्रश घेऊन बसली. पूर्वीच्या गोंदाने बायकांचं रक्त नासायचं, दोघीतिघी गेल्याही, म्हणून सरकारने तो बंद केला होता. हा नवा गोंद निर्धोक आहे, असं सगळे म्हणायचे. कुणी सांगितलं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ख्रिसमसनंतर मिरेल्लाचं गाणं बंद पडलं. संध्याकाळी डोकं हलकं होतं आणि पायांत मुंग्या येतात, असं ती म्हणायची. जिना चढताना तिच्या सपातीचं टोक पायरीला अडकायला लागलं. झेलिंदा तिला म्हणाली, पाय उचलून टाक गं, म्हातारी झालीस का. देर्नाच्या बोटांना मेणकापड नि कापड यातला फरक कळेनासा झाला. एकदा तिने चुलीवरच्या कढईचा दांडा उघड्या हाताने धरला आणि टेबलापर्यंत चालत आली. कातडी जळल्याचा वास आधी झेलिंदाला आला. देर्नाने तळहात उलटा करून पाहिला. दुखत नव्हतं. दुखत नाही याची भीती वाटायला हवी होती, पण भीतीसुद्धा त्या दिवसांत कापसातून यावी तशी यायची, दबलेली, लांबची. तिने हाताला फडकं बांधलं आणि दुसऱ्या हाताने ब्रश धरला.

गावच्या डॉक्टरने मिरेल्लाला तपासलं. अशक्तपणा आहे, मुलगी नाजूक प्रकृतीची आहे, लग्न झालं की बरं वाटेल, असं त्याने सांगितलं. लग्न तर ठरलेलंच होतं. नवरा मुलगा खालच्या समुद्रकाठच्या गावचा, घरचं दुकान असलेला. मुलीच्या दुखण्याची वाच्यता बाहेर नको, असं नाझारेनोने बजावलं. देर्नाने नवऱ्याकडे विषय काढला, तर त्याने तिचा भाजलेला हात हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मशीन येऊ दे, देर्ना. एवढा हिवाळा."

तो वाईट माणूस नव्हता. पण अंदाजपत्रकाबाहेरचं काही पाहायची त्याची सवय मोडून गेली होती.

मार्चमधल्या एका रविवारी, प्रार्थना आटोपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरत होते. होणारी सासू त्या दिवशी बरोबर होती म्हणून मिरेल्लाने उंच टाचांचे बूट घातले होते. दुसऱ्याच पायरीवर तिचा पाय मुडपला आणि ती खाली चौकापर्यंत घरंगळत गेली. लोक धावले. कुणी तिला बसवलं, कुणी पाणी आणलं. तिला उठता येईना. पाय दुखतोय का असं विचारलं, तर ती म्हणाली, पाय कुठे आहेत तेच कळत नाही. तिची होणारी सासू चार पावलं मागे सरून उभी राहिली. हात पुढे करावा की नाही, हे तिला ठरवता आलं नाही.

अंकोनाच्या इस्पितळात डॉक्टर लुकारिनी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोलिओपासून मणक्यापर्यंत सगळं तपासलं. मग खाटेशी बसून मिरेल्लाला विचारलं, की तू काम काय करतेस. खाटेच्या पायथ्याशी नाझारेनो, एल्वियो आणि देर्ना उभे होते.

"मी घरीच असते," मिरेल्ला म्हणाली.

डॉक्टरांनी देर्नाकडे पाहिलं. देर्नाने जळका हात कोटाच्या खिशात घातला. खिशात तो हात आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. मिरेल्लाच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. शिकवलेलं बरोबर म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखी ती बापाकडे पाहत होती.

त्याच आठवड्यात बँकेत कागद तयार झाले. मशीनची तारीख चुकवून चालणार नव्हतं. विक्रेत्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. नाझारेनोने लग्नातला सूट घातला. नोटरीने सगळं वाचून दाखवलं, तारणाच्या पट्टीच्या चतुःसीमा सांगितल्या आणि पेन देर्नापुढे ठेवलं. तिने ते उचललं. बोटांत पेन आहे हे तिला डोळ्यांनी पाहूनच समजलं. तिने ते परत खाली ठेवलं.

"हूड कुठल्या ओळीत आहे?" तिने विचारलं.

नोटरीला काही उमगेना. त्याने कागद उलटून पाहिले.

"घरी बोलू," नाझारेनो म्हणाला.

"घरी बोलायला मी कधी बसले होते, बाबा? तुम्ही टेबलाशी होतात. मी भांडी घासत होते."

"सही कर, देर्ना," एल्वियो खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. मिरेल्ला पडली तेव्हाही बघतच होते."

नाझारेनोच्या कपाळाची शीर उठली, पण तो ओरडला नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं चारचौघांत ओरडत नाहीत. सून घरात आणली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक आणि दोन चादरी आल्या होत्या, एवढंच त्याने नोटरीला सांगितलं, साक्ष द्यावी तसं. आणि आज ती मालकीण झाली आहे, असं तो म्हणाला.

"मालकीण नाही," देर्ना म्हणाली. "पण पट्टी माझी आहे. मशीन हवं ते मलाही. हूड पहिल्या ओळीत लिहा, घरातला गोंद बाहेर काढा, मिरेल्लाचं नाव कामगार म्हणून लावा. मग मी येते सही करायला."

एवढं बोलून ती उठली. पाय घसटत, भिंतीला हात लावत ती बाहेर पडली. ती भिऊन तशी चालतेय असं बँकेतल्यांना वाटलं. तिचे पायही गेलेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा एल्वियोच्या लक्षात आलं. तिचं चालणं त्याने हिवाळाभर रोज पाहिलं होतं.

देर्ना तडक घरी गेली. तिने गोंदाचा अर्धा डबा भाजीच्या पिशवीत घातला, झाकणाभोवती फडकं गुंडाळलं आणि अंकोनाची बस धरली. इस्पितळात डॉक्टर लुकारिनींपुढे डबा ठेवून ती म्हणाली, "आम्ही घरीच असतो. आणि घरी हे असतं."

डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि उठून खोलीची खिडकी उघडली. मग त्यांनी देर्नालाही बसवून तपासलं. त्यांनी समजावलं, की हा गोंद पातळ करायला जो द्रव वापरतात त्याची वाफ श्वासातून जाऊन नसा मारते, सर्वांत लांबच्या नसा आधी, म्हणून पायांची नि हातांची बोटं. घर बंद असेल तर लवकर. गोंद सोडला तरी काही महिने दुखणं वाढतच राहील, नंतर नसा पुन्हा वाढायला लागतील, फार हळू. सगळ्या वाढतील असं नाही. शेवटी देर्नाने एवढंच विचारलं, की गावात आणखी किती जणी असतील. डॉक्टर म्हणाल्या, ते तुम्हीच मला सांगू शकाल.

पुढे सरकारी तपासनीस आले. काही छपरांना कुलपं लागली, मोठ्या कारखान्याने घरोघर गाठोडी धाडणं थांबवलं, आणि त्याचं खापर देर्नावर फुटलं. ज्या बायकांची बोटं मेली होती त्यांनीच तिच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या घरात त्या गाठोड्यांवरच मुलांची शाळा चालायची. एका सकाळी देर्नाच्या घराच्या दाराच्या कुलपात कुणीतरी गोंद ओतून ठेवलेला सापडला. मिरेल्लाच्या होणाऱ्या सासरच्यांनी लग्न मोडलं. दिलेल्या वस्तू नीट कागदात बांधून परत पाठवल्या, वर प्रकृतीसाठी शुभेच्छा. मिरेल्लाने पुडकं न उघडताच आईकडे दिलं. ती रडली असती तर देर्नाला बरं वाटलं असतं.

असे काही आठवडे गेले. मग एके दिवशी एल्वियो छपरातून लवकर आला, उरलेली गाठोडी उचलून बाहेर नेली, डबे नेले, ब्रश नेले आणि स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर बदामाचा बहर ओसरून कोवळी पानं फुटली होती. टेबल त्याने साबणाने घासलं, आणि नवा कागद घेऊन देर्नाला समोर बसवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हिशेबाला बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. त्यांनी लहान मशीन घ्यायचं ठरवलं. लहान मुलांच्या मापांचे साचे सोडून दिले. तेवढी गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. एल्वियोने पहिल्या ओळीत हूड लिहिला, त्याच्यासमोर आकडा लिहिला, आणि आकडा मोठा आहे असं तोंडातून न काढता पुढच्या ओळीवर गेला. मग त्याने कामगारांची नावं लिहिली. मिरेल्लाचं लिहिलं. थोडं थांबून देर्नाचंही लिहिलं.

देर्नाने सही केली तेव्हा अक्षरं वेडीवाकडी उमटली आणि बँकेने ती दोनदा मागितली. मशीन आलं. त्यावरचा पंखा दिवसभर घरघरतो. नाझारेनो त्या मशीनजवळ काम करतो, हूडच्या खाली उभा राहतो, पण सुनेशी बोलत नाही आणि ताट छपरातच मागवतो. मिरेल्लाची बोटं बरीचशी परत आली. पायांचं तसं झालं नाही. पोटऱ्यांना पट्टे बांधून ती येते आणि बसून तळव्यांच्या कडा साफ करते. कधीकधी, पंखा बंद असला की, ती गुणगुणते.

देर्नाने मात्र दुसरंच काम अंगावर घेतलं. डॉक्टर लुकारिनींनी तिला तपासायची एक साधी रीत शिकवली होती: बाईला डोळे मिटायला सांगायचं, पायाच्या बोटाला हलकेच स्पर्श करायचा आणि कळतंय का विचारायचं. ही रीत घेऊन ती दारोदार जाऊ लागली. पहिल्यांदा दारं उघडेनात. मग पाठीमागच्या दाराने, नवरे कामावर गेल्यावर, एकेक बाई तिला आत घेऊ लागली. कुणी मोजे काढताना लाजायची, कुणी मधेच कॉफी चढवायची. ज्यांना स्पर्श कळत नव्हता त्यांची नावं ती डॉक्टरांकडे पोचवायची आणि पुढच्या बसने त्या बाईला घेऊन जायची. गोंद अजूनही आहे. वरच्या चामड्याला तो लागतोच, आणि वरच्या वाडीत खिडक्या अजूनही बंद असतात, हे तिला ठाऊक आहे.

घरी एक बाई राहिली होती. झेलिंदाने कधी विषय काढला नव्हता, आणि देर्नालाही सासूचे मोजे काढायचा धीर झाला नव्हता. एका दुपारी झेलिंदा मटार सोलत बसली असताना देर्ना तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मला काही झालेलं नाही," झेलिंदा म्हणाली. "बायकांचे पाय या वयात असेच असतात."

"असतील. पण एकदा बघू द्या, आई."

झेलिंदाने मटारांची परात बाजूला ठेवली, काळे मोजे खाली केले आणि पाय पुढे केले. पावलांवर बारीक जखमांचे वण होते, नवे आणि जुने. त्या कधी झाल्या हे तिला सांगता आलं नसतं.

"डोळे मिटा. मी बोटाला हात लावला की सांगा."

झेलिंदाने डोळे घट्ट मिटले. देर्नाचे हात गार पडले होते, म्हणून ती ते आधी एप्रनमध्ये घासून गरम करत होती.

"लागला," झेलिंदा म्हणाली. "कळतंय मला. सगळं नीट कळतंय."

देर्नाचे हात एप्रनमध्ये तसेच राहिले. बाहेर छपरात पंखा चालू होता. थोड्या वेळाने तिने एप्रन सोडला, सासूचे मोजे गुडघ्यापर्यंत परत चढवले आणि तिची पावलं आपल्या मांडीवर घेतली.

"उद्या सकाळच्या बसने जायचं आपण, आई. तुम्ही आणि मी."

"मग स्वयंपाक कोण करणार?" झेलिंदाने विचारलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.